पायातली विद्या

आज पायाची गोष्ट सांगतो. पाय म्हणजे काय मोठं नवल, सगळ्यांनाच दोन असतात, असं तुम्ही म्हणाल. पण दोन्ही पावलांची मिळून ५२ हाडं भरतात, म्हणजे अंगातल्या २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा हाडं देवाने नुसती घोट्याखाली ठासून भरली आहेत, आणि एवढ्या बारीक कारागिरीचं आपण करतो काय, तर चपलेत कोंबून बाजारात भाजी आणायला जातो. ज्यांनी ती कारागिरी कामाला लावली, आणि कामाला लावून झाल्यावर दुसऱ्यांना शिकवायला घेतली, त्यांची ही गोष्ट.

नागपूरजवळची आमची कोराडी दोन गोष्टींसाठी लोकांना ठाऊक. एक जगदंबेचं देऊळ, जिथे नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते, आणि दुसरं वीज केंद्र, ज्याची धुराडी तुम्हाला लांबूनच ‘आलं हो गाव’ म्हणून सांगतात. पण कोराडीच्या शेजारी बोखारा म्हणून गाव आहे, तिथल्या मैदानाची ख्याती पार स्वित्झर्लंडपर्यंत गेलेली आहे, आणि गंमत म्हणजे तिची सुरुवात एका फुटक्या बादलीने झाली. नागपुरात हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे नावाचे क्रीडाशिक्षक होते. २००१ च्या सुमाराची गोष्ट, धो धो पाऊस लागलेला, गुरुजी आडोशाला उभे, आणि समोर झोपडपट्टीतले पोट्टे एक फुटकी प्लास्टिकची बादली लाथाडत होते. दुसरा कोणी असता तर ‘घरी जा रे, सर्दी होईल’ म्हणून मोकळा झाला असता. गुरुजी बघत राहिले. बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं की हा दंगा नाही, हा खेळ आहे. कोणी बादली अडवतो, कोणी पुढे ढकलतो, कोणी मोकळ्या जागेत जाऊन थांबतो. गुरुजींनी त्यांना चेंडू आणून दिला. पुढे नुसत्या वस्त्यांमधल्या पोरांची स्पर्धा भरवली तर १२८ संघ उतरले. ‘झोपडपट्टी फुटबॉल’ असं रोखठोक नाव होतं तिचं. मग त्याची ‘स्लम सॉकर’ ही संस्था झाली, आणि गुरुजींनी निवृत्तीचा पैसा बोखाऱ्याच्या जागेत घातला. २०१६ सालचा, स्वित्झर्लंडमधल्या फिफाचा विविधता पुरस्कार या संस्थेला मिळाला. नागराज मंजुळ्यांनी २०२२ साली ‘झुंड’ सिनेमा काढला तो याच गुरुजींवर, आणि गुरुजी झाले खुद्द अमिताभ बच्चन, हे तर तुम्हाला माहीत असेलच.

मला मात्र त्या बादलीचंच जास्त नवल वाटतं. फुटबॉलचा चेंडू कसा, ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा, ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा, सगळीकडून सारखा; जिकडे मारावा तिकडे जातो. बादलीचं तसं नाही. तिचा काठ लागला तर ती गिरकी घेते, बूड लागलं तर घसरते, फुटकी बाजू लागली तर जागीच आडवी होते. वर पाऊस, खाली चिखल. आता ज्या पायाला ही बादली दहा पावलं नेता येते, त्या पायाखाली गोल चेंडू आला की त्याला केवढी सुट्टी लागल्यासारखं होत असेल! हे कोणा शास्त्रज्ञाने मोजलेलं नाही, हे माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

या मैदानातून निघालेल्या पोरांपैकी अखिलेश पॉल याची गोष्ट महाराष्ट्राने ऐकली आहे. जुगार, मारामाऱ्या, पोलिसांचा ससेमिरा, असल्या वाटेला लागलेला नागपूरचा पोरगा. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, त्याने स्वतः २०१४ साली ‘सत्यमेव जयते’च्या कार्यक्रमात सगळ्या देशासमोर सांगितलं. खेळायला मिळतंय म्हणून मैदानावर यायला लागला आणि २०१० साली ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोच्या समुद्रकिनाऱ्यावर बेघरांचा विश्वचषक भरला, तेव्हा भारताचा कर्णधार म्हणून उभा राहिला. हा विश्वचषकही ऐकण्यासारखा आहे बरं का. २००३ साली ऑस्ट्रियात ग्राट्स गावी पहिल्यांदा भरला. ११ जणांचा संघ नाही, गोलरक्षक धरून चारच जण. मैदान केवढं, तर २२ मीटर लांब नि १६ मीटर रुंद. आणि अर्धा डाव सात मिनिटांचा. म्हणजे आपल्याकडे चहा उकळायला ठेवला तर तो गाळेपर्यंत अर्धा सामना संपलेला. एवढ्याशा जागेत चेंडूला दम खायला उसंत नाही आणि खेळणाऱ्याला विचार करायला तर नाहीच नाही. तिथून परत आल्यावर अखिलेश शिकवायला लागला. ज्या मैदानावर खेळला त्याच मैदानावर, आपल्यासारख्याच पोरांना.

इथेच माझं घोडं पेंड खातं. खेळता येणं आणि शिकवता येणं, या दोन विद्या दिसायला सख्ख्या बहिणी, पण राहतात वेगवेगळ्या घरात. पेलेएवढा खेळाडू झाला नाही, पण तो कुठल्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला नाही. मॅराडोना झाला, २०१० च्या विश्वचषकात अर्जेंटिनाला घेऊन गेला, आणि उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीने त्यांना चार गोलांनी धुतलं. उलट आपल्याकडे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळामास्तर. त्यांनी १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत भारताला सोनं मिळवून दिलं आणि मधे १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत नेलं. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये आपला फुटबॉल तिथपर्यंत परत गेलेला नाही. मग ही पायातली विद्या असते तरी कुठे, आणि ती तोंडावाटे बाहेर का येत नाही?

आमच्या वीज केंद्राच्या मागल्या जमान्यातला एक फिटर मला आठवतो. टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं, त्याचा आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं. हा गडी काय करायचा, पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचा, मूठ कानाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “हे कण्हून राहिलं. पाह्यून घ्या.” मीटरवर सगळं ठीकठाक दिसायचं. उघडून पाहिलं की बेअरिंग खरोखरच खाल्लेलं निघायचं. डिप्लोमा करून आलेली नवी पोरं त्याच्या मागे लागायची, “काका, कसं कळते तुम्हाला? सांगा ना!” काका खरंच विचार करायचे, कपाळाला आठ्या घालायचे, आणि शेवटी वैतागून म्हणायचे, “आयकू येते ना बे! तुले नाही येत?” काकांनी काही लपवून ठेवलं नव्हतं. त्यांना सांगताच येत नव्हतं, कारण ते ज्ञान ज्या खोलीत ठेवलं होतं तिथे शब्दांना प्रवेश नव्हता.

ती खोली कुठे आहे ते दाखवतो. हात मागे न्या, मानेवर केस जिथे सुरू होतात त्याच्या जरा वर. आत तिथे लहान मेंदू आहे. वजन म्हणाल तर सगळ्या मेंदूच्या जेमतेम एक दशांश, पण मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज पेशी या एवढ्याशा गोळ्यात दाटीवाटीने राहतात. कविता, हिशेब, भांडणं, निवडणुका, हे सगळं चालवणाऱ्या थोरल्या मेंदूच्या वाट्याला उरलेल्या. सायकल चालवणं, पोहणं, भाकरी थापणं, धावता धावता चेंडू पायाच्या आतल्या कडेवर घेणं, हे सगळं घोटून घोटून या लहान मेंदूच्या आणि त्याच्या जोडीदारांच्या हवाली होतं. आणि एकदा हवाली झालं की तुमचीसुद्धा आठवण त्याला लागत नाही. हे मी उगाच म्हणत नाही. याचा पुरावा एका दुर्दैवी माणसाने दिला.

हेन्री मोलेसन नावाचा अमेरिकन तरुण. त्याला फेफरं यायचं, इतकं की जगणं मुश्कील. १९५३ साली डॉक्टरांनी त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा एक भाग काढला. फेफरं कमी झालं, पण त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात नवी आठवण राहीना. आत्ता भेटलेला माणूस पाच मिनिटांनी परका. ब्रेंडा मिलनर नावाच्या बाई त्याला तपासायच्या. त्यांनी त्याला एक चांदणी गिरवायला दिली, पण कागद थेट दिसायचा नाही, आरशात बघून गिरवायची. तुम्ही करून बघा कधी, हात असा उलटा पळतो की आपल्यालाच हसू येतं. हेन्री तीन दिवस गिरवत होता. रोज त्याला वाटायचं की आपण हे पहिल्यांदाच करतोय, आणि रोज त्याचा हात आदल्या दिवसापेक्षा सफाईने चालायचा. तिसऱ्या दिवशी तर त्याचं त्यालाच नवल वाटलं की एवढं अवघड दिसणारं काम इतकं सोपं कसं निघालं. शिकणारा हात होता, आणि आपण शिकलो याचा त्या माणसाला पत्ताच नव्हता.

आता फुटबॉलकडे या. २००२ साली अमेरिकेत सियान बायलॉक आणि तिच्या सोबत्यांनी एक साधा प्रयोग केला. मुरलेल्या खेळाडूंना मांडलेल्या शंकूंमधून चेंडू नागमोडी न्यायला सांगितला, आणि अट घातली की चेंडूला पायाची कुठली बाजू लागते आहे ते प्रत्येक वेळी ध्यानात ठेवायचं. झालं, उजव्या पायाने खेळणाऱ्या तरबेज गड्यांचा उजवा पाय अडखळायला लागला. नवशिक्यांचं मात्र काही बिघडलं नाही. आणि याहून मजा पुढे आहे: तेच तरबेज गडी डाव्या, म्हणजे कच्च्या पायाने खेळायला लागले तेव्हा पायाकडे लक्ष दिल्याने त्यांचं काम उलट सुधारलं. एकाच माणसाच्या दोन पायांना दोन वेगळे नियम! पक्क्या पायाकडे बघू नये आणि कच्च्या पायाकडे बघावं. म्हणजे तरबेज खेळाडूला ‘तू हे कसं करतोस ते सांग बरं’ असं म्हटलं की तो सांगता सांगता विसरतो. मोठे खेळाडू शिकवायला उभे राहिले की पुष्कळदा आमच्या फिटर काकांसारखे ‘दिसते ना बे!’ म्हणून चिडतात, ते काही गर्वाने नाही.

आणि तरीही काहींना हे जमतं. आपल्याच मुंबईत एक गडी आहे, खालिद जमील. जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आईबाप मूळचे पंजाबी. लहानपणी तिथल्या एका शिबिरात त्याला फ्रान्सचा थोर खेळाडू मिशेल प्लातिनी भेटला होता म्हणतात, आणि ज्याला लहानपणी प्लातिनी भेटतो त्याला पुढे दुसरं काही सुचावं अशी अपेक्षाच करू नये. १९९० साली इराकने कुवेतवर चढाई केली, तिथल्या भारतीयांची घरंदारं विस्कटली, लाखाहून जास्त माणसं विमानांनी मुंबईत उतरवावी लागली. त्या उलथापालथीच्या काळानंतर खालिद मुंबईचाच झाला. महिंद्रा युनायटेडकडून खेळला, एअर इंडियाकडून खेळला, भारताकडूनही खेळला, मधल्या फळीत. मधल्या फळीतल्या माणसाचं काम कसं, लग्नघरातल्या त्या काकासारखं: हार त्याच्या गळ्यात पडत नाही, पण वरात अडली की सगळे त्यालाच हाका मारतात. पुढे मुंबई एफसी या नव्या संघात गेला, आणि दुखापतींनी असा छळला की ३२ व्या वर्षी, २००९ साली, त्याने बूट काढले.

३२ म्हणजे तुम्हाआम्हाला पोरवयच. आमच्या कोराडीच्या देवीबद्दल म्हणतात की ती सकाळी बालिका दिसते, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी वृद्धा. देवीला एका दिवसात तीन वयं, तर फुटबॉलवाल्याला एका जन्मात दोन म्हातारपणं. पहिलं पस्तिशीच्या आतबाहेर येतं, जेव्हा डोक्याला सगळं कळत असतं आणि गुडघा ‘नाही’ म्हणतो.

पण खालिदचं हे पहिलं म्हातारपण आलं त्याच वर्षी त्याच संघाने त्याला प्रशिक्षक केलं. मुंबई एफसी काही पैसेवाला संघ नव्हता. दर वर्षी खालच्या पायरीवर घसरायची टांगती तलवार, आणि दर वर्षी हा गडी त्यांना कसाबसा वर ठेवायचा. सात वर्षं. पेपरात मथळे यावेत असं त्यात काही नव्हतं. बुडू न देणं हे काम बुडाल्यावरच लोकांना दिसतं. २०१६ साली त्याची तिथली नोकरी संपली आणि तो थेट मिझोराममध्ये ऐझॉलला गेला, सोबत आशुतोष मेहता, जयेश राणे अशी मुंबईची काही पोरं घेऊन. ऐझॉलचा संघ तर आधीच्या हंगामात आय-लीग या देशाच्या लीगमधून खाली पडला होता. गोव्याच्या संघांनी अंग काढून घेतलं म्हणून जागा झाली आणि यांना परत घेतलं. अशा उरल्यासुरल्या जागेवर बसलेल्या संघाने मोहन बागान, ईस्ट बंगाल अशा मातब्बरांमधून वाट काढली, आणि ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये शेवटच्या सामन्यात एका गोलाने मागे पडून बरोबरी साधली, १–१. ऐझॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. ईशान्येकडच्या संघाने देशाची लीग जिंकायची ती पहिलीच वेळ. आणि त्याच हंगामात, खालिदला सोडून देणारा मुंबई एफसी खाली घसरला. हे असं कोणी गोष्टीत लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, आजोबा, जरा अतीच झालं.

पुढचं भराभर सांगतो. ईस्ट बंगाल झालं, मोहन बागान झालं, २०२०–२१ च्या हंगामात नॉर्थईस्ट युनायटेड अर्ध्या वाटेवर हाती आला तर त्याला उपांत्य फेरीपर्यंत नेलं, मग जमशेदपूर. आणि १ ऑगस्ट २०२५ ला भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. परदेशी प्रशिक्षकांचीच सवय लागलेल्या आपल्या फुटबॉलमध्ये, गोव्याच्या साव्हियो मदेरांनंतर १३ वर्षांनी एक भारतीय माणूस त्या खुर्चीवर बसला. महिन्याभरात संघ मध्य आशियातल्या एका स्पर्धेला गेला, ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी, हिसोर गावात, २–१ ने हरवलं, आणि शेवटी ओमानला पेनल्टींवर मागे टाकून त्या स्पर्धेत तिसरा आला.

आता पेनल्टी आली आहे तर जरा थांबू या, कारण तिच्यात आपल्या पायाच्या विद्येचं आणखी एक गुपित आहे. पेनल्टी मारतात ११ मीटरवरून. चेंडू ताशी १०० किलोमीटरने सुटला तर गोलापाशी पोहोचायला सेकंदाचे चार दशांशच लागतात. डोळ्याने बघून मेंदूने ‘हल’ म्हणायलाच दोन दशांश जातात, आणि सहा-सव्वासहा फुटी माणसाला आडवं होऊन कोपरा गाठायला उरलेला वेळ पुरत नाही. हिशेबाने बघितलं तर चांगली मारलेली पेनल्टी अडवणं अशक्य. आणि तरी आपला गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू याने ताजिकिस्तानविरुद्धही एक अडवली आणि ओमानविरुद्धही. कशी? चेंडू सुटल्यावर बघायचं नाहीच. सुटायच्या आधी मारणाऱ्याच्या टेकलेल्या पायाचा पंजा कुठे वळला, कंबर किती उघडली, खांदा कुठे झुकला, हे वाचायचं. आणि वाचायचं म्हणजे अक्षरं लावून नाही. हजारो पेनल्टी डोळ्यांखालून गेल्या की ते वाचन आपोआप होतं, आणि विचारलं तर तो गोलरक्षकही सांगेल, ‘वाटलं तसं.’

आणि असं बघण्यानेही अंगात काही घडतं, ही याच्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट. इटलीत पार्मा शहरात रिझोलात्ती नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला माकडांच्या मेंदूतल्या काही पेशी अशा सापडल्या की माकडाने स्वतः शेंगदाणा उचलला तरी त्या चेतायच्या आणि समोरच्या माणसाने उचललेला नुसता बघितला तरी चेतायच्या. मग २००५ साली लंडनमध्ये बॅले नाचणारे आणि ब्राझीलचा कापोएरा खेळणारे यांना दोन्हींची चित्रफीत दाखवून त्यांचे मेंदू तपासले. ज्याची जी कला, ती बघताना त्याच्या मेंदूचे हालचालींशी जोडलेले भाग जास्त पेटलेले दिसले. शरीर निजलेलं आणि मेंदू मनातल्या मनात नाचतोय! आता तुम्ही मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या कुठल्याही माजी खेळाडूकडे बघा. आतला गडी चेंडू मारतो आणि बाहेर याचा पाय हलतो. गुडघा संपला, पण मागल्या खोलीतला कारभारी अजून कामावर आहे. समोरच्या पोराचं काय चुकलं हे त्याला आधी पायात कळतं, डोक्यात मागाहून.

कळलं तर खरं, पण सांगायचं कसं? कारण ‘पायाकडे बघ’ म्हटलं की पाय अडखळतो, हे आपण आत्ताच पाहिलं. याचा तोडगा गाब्रिएले वुल्फ नावाच्या बाईंनी १९९८ च्या सुमारास दाखवून दिला. त्यांनी लोकांना बर्फावर घसरण्यासारखी हालचाल करायच्या एका यंत्रावर डावीउजवीकडे झुलायला शिकवलं. काहींना सांगितलं, तुमच्या पावलांवर लक्ष ठेवा. काहींना सांगितलं, पावलांवर नको, पावलांखालच्या यंत्राच्या चाकांवर ठेवा. अंतर किती, तर वीतभर. पण चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. नंतर गोल्फ, बास्केटबॉल, कशाकशात लोकांनी हे करून बघितलं आणि पुष्कळदा तेच निघालं. अंगाबाहेर काहीतरी दाखवा, अंग आपली व्यवस्था आपण लावतं.

आमच्याकडे एका मैदानावर मी हे डोळ्यांनी बघितलं आहे. आठ-नऊ वर्षांचा पोट्टा, चेंडू मारला की दर वेळी आभाळात. त्याचा बाप कठड्यावरून ओरडत होता, “घोटा आवळ! अंगठा खाली! अंग मागं नको टाकू!” पोरगं इतकं कावरंबावरं झालं की शेवटी चेंडूच्या ऐवजी जमिनीलाच लाथ बसली. शिकवणारा विशीतला असेल, त्याच वस्तीतला. त्याने बापाकडे बघितलं नाही, पोराच्या पायाकडेही नाही. चेंडू ठेवला आणि लांब कुंपणापाशी कडुनिंबाचं झाड होतं तिकडे बोट केलं. म्हणाला, “त्याच्या बुंध्याले लावून दाखव. पानाले नाही, बुंध्याले.” पोराने झाडाकडे बघितलं, मग चेंडूकडे, मग परत झाडाकडे. पहिला गेला बाजूने. दुसरा जमिनीसरपट गेला आणि बुंध्यापासून हातभर अंतरावरून. घोटा आवळला गेला होता, अंग पुढे आलं होतं, अंगठा खाली गेला होता. आणि यातलं एकही त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. शिकवणारा एवढंच म्हणाला, “हां, आता कसं.” त्या शिकवणाऱ्याला वुल्फबाईंचं नाव माहीत असण्याचं काही कारण नाही. त्याला ते त्याच्या पायांनी सांगितलं होतं.

खालिद जमीलही असाच मितभाषी म्हणून ओळखला जातो. पत्रकारांना त्याच्याकडून लांबलचक वाक्यं मिळत नाहीत. मला यात कमीपणा दिसत नाही. तोंडाने भारंभार बोलणारे प्रशिक्षक मी पुष्कळ बघितले. अर्थात म्हणून तो दर वेळी जिंकतो असं समजू नका. त्याच २०२५ च्या ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरने आपल्याला २–१ ने हरवलं आणि २०२७ च्या आशियाई करंडकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशाकडूनही एका गोलाने हरलो, जे २२ वर्षांत झालं नव्हतं. खुर्चीवर बसलेल्याला शिव्या पडायच्या त्या पडल्या. प्रशिक्षकाच्या हातात काय असतं, तर आठवडाभर पोरांना झाडं दाखवायची. सामन्याच्या दिवशी पाय त्यांचे असतात.

आणि पोरांना झाडं दाखवणारी माणसं मिळवायची तर तीही शिकूनच तयार होतात. त्याच्याही पायऱ्या आहेत: डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो, अशी एकेक सनद घ्यावी लागते, नुसतं ‘मी भारताकडून खेळलो’ म्हणून भागत नाही. बोखाऱ्याच्या मैदानावरून निघालेली पोरं त्यातल्या पहिल्या पायरीवर पाय ठेवतात तेव्हा मला विश्वचषकाइतकंच बरं वाटतं. फुटकी बादली लाथाडणारा पोरगा मोठा होऊन दुसऱ्याच्या पोराला शिकवतो, हे काही लहान नवल नाही.

तेव्हा एक ऐका. तुमचा पोरगा किंवा पोरगी मैदानावर जात असेल, तर कठड्याशी खुशाल उभे राहा, टाळ्या वाजवा, पाण्याची बाटली धरा. पण “पाय असा ठेव” म्हणून ओरडू नका. अगदीच राहवलं नाही, तर लांबचं एखादं झाड दाखवा, आणि गप्प बसा.